ओळखी वाढवायच्या, पण आपल्या स्वभावाने

नेटवर्किंग म्हटलं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एका ठरावीक प्रकारचा माणूस येतो. हॉलमध्ये शिरल्या शिरल्या दहा जणांशी हात मिळवणारा, व्हिजिटिंग कार्डं वाटणारा, प्रत्येकाला ‘साहेब, एकदा निवांत बसू’ म्हणणारा. कुपवाड एमआयडीसीत मान खाली घालून अचूक काम करणारा सुपरवायझर किंवा सांगलीच्या मार्केट यार्डात अडत्याच्या पेढीवर हिशेब सांभाळणारा तरुण हे बघतो आणि ‘आपल्याला हे जमायचं नाही’ म्हणून विषय सोडून देतो. त्यात त्याचं मोठं नुकसान होतं. कामधंद्यातली ओळख बोलण्यातून सुरू होत असेल, पण ती टिकते समोरच्याचं एखादं काम आपल्यामुळे हलकं झालं म्हणून. आणि दुसऱ्याचं काम हलकं करण्याची ताकद प्रत्येकाच्या स्वभावात वेगळ्या जागी असते. ज्याला ती जागा सापडली, त्याला दुसऱ्याची नक्कल करावी लागत नाही.

आधी जमेची बाजू शोधा

ख्रिस्तोफर पीटरसन आणि मार्टिन सेलिगमन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली माणसाच्या २४ स्वभावगुणांची यादी मांडली. कुतूहल, चिकाटी, दयाळूपणा, न्यायबुद्धी, कृतज्ञता, विनोदबुद्धी असे गुण त्यात आहेत. त्यावर आधारलेली ९६ विधानांची प्रश्नावली इंटरनेटवर मोफत भरता येते आणि साधारण पंधरा मिनिटांत होते. ती जरूर भरा. अडचण एवढीच की तिचं उत्तर विशेषणांत येतं आणि नुसतं विशेषण घेऊन कुणाच्या ऑफिसात जाता येत नाही. ‘मी प्रामाणिक आहे’ हे ऐकून समोरच्याने करायचं काय?

म्हणून आणखी दोन गोष्टी करा. पहिली म्हणजे फोन उघडून गेल्या तीन महिन्यांतले मेसेज चाळा आणि लोकांनी आपण होऊन तुमच्याकडे काय काय मागितलं ते लिहून काढा. ‘जरा हे पत्र बघ की’, ‘या दोन कोटेशनमध्ये फरक काय आहे सांग’, ‘मिरजेत चांगला हाडांचा डॉक्टर कोण?’, ‘त्या दोघांचं बिनसलंय, तू बोल जरा.’ एकमेकांना न ओळखणाऱ्या तीन माणसांनी एकाच प्रकारची गोष्ट मागितली असेल तर ती तुमची जमेची बाजू, मग तुम्हाला ती कितीही किरकोळ वाटो. बहुतेक वेळा ती किरकोळच वाटते, कारण ती करताना आपल्याला कष्ट पडत नाहीत. जे सहज होतं त्याची किंमत आपण स्वतः शून्य धरतो. बहुतेकांची चूक इथेच होते.

दुसरी गोष्ट, पाच जणांना एकच प्रश्न विचारा. दोन सहकारी, एक जुने साहेब किंवा मॅडम, एक मित्र, एक नातेवाईक. ‘माझ्यात चांगलं काय आहे?’ असं विचारू नका, ‘तू लई चांगला आहेस’ यापलीकडे काही हाती लागत नाही. विचारा, ‘माझ्यामुळे तुमचं एखादं काम सोपं झालं असं कधी झालंय का? मी नेमकं काय केलं होतं?’ उत्तरात घटना येते, आणि घटनेत क्रियापद असतं.

मग ते एका वाक्यात उतरवा, क्रियापदासकट. ‘गोंधळलेल्या बैठकीतून कुणी काय करायचं ते मी एका पानावर काढतो.’ ‘समोरचा अडकलाय कुठे हे मी दोन-तीन प्रश्नांत ओळखते.’ ‘कुठल्या कामाला कोण माणूस योग्य, ते माझ्या डोक्यात असतं.’ असं वाक्य तयार झालं की पुढचं सगळं सोपं होतं.

लांबची ओळख का कामाला येते

आपल्याकडे ओळखीची सुरुवात पाहुण्यारावळ्यांतून, गावातून, मंडळातून होते. तिची ताकद बघायची तर सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडी भागाकडे बघावं. तिथल्या कित्येक घरांतली माणसं सोन्या-चांदीच्या गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करण्याच्या, धंद्यात देशभर पसरली आहेत. एक जण परमुलखात स्थिरावला की भाऊ, भाचा, गावातला पोरगा त्याच्या मागोमाग जातो, राहायची सोय होते, काम शिकवलं जातं, बाजारात ‘आपला माणूस’ म्हणून पत मिळते. परक्या शहरात सोन्यासारख्या मालाच्या धंद्यात शिरायला एवढा विश्वास दुसरीकडून मिळणं अवघड आहे.

पण जवळच्या ओळखीची मर्यादाही यातच दिसते. सगळे एकाच धंद्यातले असले की सगळ्यांना तीच बातमी कळते, तीच संधी दिसते. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली हेच मांडलं. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांना त्याने विचारलं की ज्याच्याकडून बातमी कळली तो तुम्हाला त्या काळात कितीदा भेटत होता. ‘वरचेवर’ म्हणणारे १६.७ टक्के निघाले, ‘अधूनमधून’ म्हणणारे ५५.६ टक्के आणि ‘क्वचित’ म्हणणारे २७.८ टक्के. पाहणी लहान होती, ५४ जणांची. पुढे २०२२ साली लिंक्डइनच्या सुमारे २ कोटी सदस्यांवर पाच वर्षं चाललेल्या प्रयोगांचे निष्कर्ष आले. त्यातही नोकरी बदलायला अगदी जवळच्यांपेक्षा मध्यम लांबच्या ओळखी जास्त उपयोगी पडतात असं दिसलं. मध्यम लांबच्या, हे महत्त्वाचं. ज्यांच्याशी सामाईक ओळखी जवळपास नाहीत अशा माणसांचा फायदा तुलनेने कमी दिसला.

म्हणजे शोधायची माणसं कुठली? आपल्या कामाच्या शेजारचं काम करणारी. फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, असाल तर मशीनशॉपवाले, ट्रान्सपोर्टवाले, मटेरियल तपासणारी लॅब. मिरजेत फिजिओथेरपी करत असाल तर हाडांच्या डॉक्टरांबरोबरच इन्शुरन्सचे कागद बघणारी माणसं, जिमचे प्रशिक्षक, शाळांचे क्रीडाशिक्षक. तासगावात बेदाण्याच्या व्यापारात असाल तर कोल्ड स्टोरेजवाले, पॅकिंगचं डिझाइन करणारे, बँकेतले कर्जविभागाचे अधिकारी.

ऐकणाऱ्याने ऐकावं, नोंद ठेवणाऱ्याने नोंद ठेवावी

ज्यांना चारचौघांत बोलायला संकोच वाटतो त्यांच्यात चांगले ऐकणारे पुष्कळ असतात. पण ऐकणं म्हणजे गप्प बसणं नव्हे. प्रश्न नेमका हवा. ‘तुम्ही काय करता?’ याला हुद्दा मिळतो आणि बोलणं तिथेच थांबतं. ‘सध्या जास्त वेळ कशात जातोय?’ असं विचारलं की माणूस आपली अडचण सांगतो. समोरच्याच्या धंद्यातलं थोडं माहीत असेल तर आणखी चांगलं. बेदाण्याच्या शेडवाल्याला ‘यंदा धंदा कसा?’ विचारलं तर ‘बरा आहे’ एवढंच येईल. ‘मध्ये हवा ढगाळ होती, माल सुकायला किती दिवस जादा गेले? रंगावर परिणाम झाला का?’ असं विचारलं की तो सावरून बसतो. सुकवण लांबली की रंग काळपट पडतो, रंग पडला की सौद्यात भाव पडतो, हे त्याचं खरं दुखणं. ज्याने ते विचारलं तो त्याच्या लक्षात राहतो. एका भेटीत असे दोन प्रश्न पुरेत, त्याहून जास्त विचारले की चौकशी केल्यासारखं वाटतं.

ऐकणाऱ्याचं घोडं बहुतेकदा पुढच्या टप्प्यावर अडतं. तो सगळं ऐकतो आणि नंतर काहीच करत नाही. ऐकलेल्यातली एक गोष्ट धरून दोन दिवसांच्या आत काहीतरी पाठवलं, विचारलं किंवा सांगितलं, तरच समोरच्याला आपलं म्हणणं पोहोचल्याचं कळतं.

नीटनेटकेपणा हा गुण असलेल्यांना आमचा आग्रहाचा सल्ला आहे की उद्योजकांच्या किंवा व्यावसायिकांच्या बैठकीला गेलात तर नोंद घेण्याचं काम मागून घ्या. ते कुणालाच नको असतं, त्यामुळे आनंदाने मिळतं. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढ्या तीन रकान्यांचा तक्ता दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या आत सगळ्यांना पाठवा. भाषण न करता तुमचं नाव खोलीतल्या प्रत्येकाच्या फोनमध्ये जातं, आणि तेही कामाच्या संदर्भात. मात्र तक्त्यात स्वतःची मतं घालू नका, आणि कुणाच्या नावापुढे त्याने न स्वीकारलेलं काम टाकू नका. एवढी एक चूक सगळं उलटवते.

माणसं जोडून देण्याचा स्वभाव असेल तर एक शिस्त पाळा, दोघांची परवानगी. सर्रास काय होतं, ‘हा घ्या त्यांचा नंबर, माझं नाव सांगा’ म्हणून नंबर पाठवला जातो. ज्याचा नंबर गेला त्याला अवेळी फोन येतो आणि रोष तुमच्यावर. बरोबर रीत अशी: आधी ज्याला मदत करायची आहे त्याला विचारा, मग दुसऱ्याला स्वतंत्रपणे विचारा, ‘अमुक जण आहेत, त्यांना पॅकिंगच्या डिझाइनबद्दल दहा मिनिटं बोलायचंय, नंबर देऊ का?’ दोघांचा होकार आला की एकच मेसेज, दोघांनाही. कोण कोण आहे, विषय काय, आणि फोन कुणी कधी करायचा. नंतर बाजूला व्हा. पंधरा दिवसांनी एकदा ‘बोलणं झालं का?’ एवढं विचारा.

शिकवण्याचा पिंड असलेल्यांनी जपून राहावं. समजावून सांगणं हा मोठा गुण, पण न विचारता सल्ला दिला की वयाने किंवा अनुभवाने मोठा माणूस दुखावतो. ‘मला यातलं थोडं माहीत आहे, सांगू का?’ एवढं आधी विचारा. दयाळू माणसाची अडचण उलटी. तो सगळ्यांना हो म्हणतो, निम्म्या गोष्टी राहून जातात आणि चांगल्या मनाचा असूनही ‘शब्दाचा पक्का नाही’ असं नाव होतं. महिन्याला अशी किती कामं अंगावर घ्यायची याचा आकडा आधीच ठरवून ठेवा. दोन किंवा तीन भरपूर झाली.

पहिला मेसेज

सगळ्यात जास्त ओळखी इथे वाया जातात, म्हणून जरा बारकाईने बघू. कुपवाडच्या एका फाउंड्रीत क्वालिटी विभागात काम करणारी डिप्लोमा झालेली तरुणी एका कार्यशाळेत दुसऱ्या कारखान्याच्या प्रॉडक्शन मॅनेजरांना चहाच्या वेळी भेटली, असं धरू. दुसऱ्या दिवशी सहसा असा मेसेज जातो:

‘गुड मॉर्निंग सर. काल भेटलो होतो. तुमच्याकडे काही व्हेकन्सी असेल तर कळवा. बायोडाटा जोडला आहे.’

यात त्यांच्या कामाचं काही नाही, आठवण पटेल असं काही नाही आणि पहिल्याच वाक्यानंतर मागणी आहे. आता तिची जमेची बाजू नोंदी नीट मांडणं ही आहे असं समजून लिहिलेला मेसेज बघा (ब्लो-होल म्हणजे ओतीव भागात वायू अडकून पडलेलं छिद्र, रिजेक्शन म्हणजे नापास झालेला माल):

‘नमस्कार सर. काल कार्यशाळेत चहाच्या वेळी आपण कास्टिंगमधल्या ब्लो-होलबद्दल बोललो. रिजेक्शनची नोंद दिवसाची एकत्र होते, त्यामुळे कारण सापडत नाही, असं तुम्ही म्हणालात. शिफ्टनिहाय नोंदीसाठी एक पानाचा कोरा तक्ता करून पाठवते आहे. वाळूतला ओलावा आणि ओतण्याचं तापमान यांचे रकाने शेजारीच ठेवलेत, म्हणजे रिजेक्शन कुठल्या शिफ्टला वाढतं ते त्यांच्याशी ताडून बघता येईल. उपयोगी वाटला तर वापरा. उत्तराची घाई नाही.’

पहिल्या ओळीत भेटीची जागा, दुसरीत त्यांचंच बोलणं, मग तिच्या गुणातून आलेली छोटी वस्तू आणि शेवटी मोकळीक. मागणी कुठेच नाही. तक्ता कोरा आहे हेही तितकंच महत्त्वाचं. आपल्या कंपनीची नोंदवही, ड्रॉइंग किंवा ग्राहकांची नावं कधीही बाहेर पाठवू नयेत. तो नियमाचा भंग तर आहेच, शिवाय समोरचा अनुभवी माणूस मनात धरतो की आज त्यांचं मला दिलं, उद्या माझं दुसऱ्याला देईल.

हा मेसेज २४ ते ४८ तासांच्या आत जावा. आठवडा उलटला की चेहरा आठवत नाही. उत्तर आलं नाही तर तीन आठवडे काही करू नका, मग नव्या निमित्ताने एकदाच लिहा. तेव्हाही शांतता असेल तर सोडून द्या, मनात काही न ठेवता. रोज सकाळी फुलांचे फोटो आणि सणावारांचे फॉरवर्ड पाठवून ओळख जिवंत राहते असा समज पक्का रुजलाय. प्रत्यक्षात अशा मेसेजमुळे तुमचं नाव न वाचता पुढे सरकवायची सवय समोरच्याला लागते, आणि मग कामाचा मेसेजही तसाच सरकतो.

वयाने मोठ्या व्यापाऱ्यांना व्हॉट्सअॅपपेक्षा फोन बरा, आणि फोनपेक्षा पेढीवर जाऊन दोन मिनिटं भेटणं बरं. बोलताना ‘तुम्ही’च. ‘दादा’, ‘अण्णा’, ‘काका’ हे समोरच्या वर्तुळात चालतं का ते ऐकून मग वापरा, तोवर ‘साहेब’ किंवा ‘मॅडम’ ठेवा.

कुणाला कधी गाठू नये

साधी गोष्ट, पण पाळणारे थोडे. हळदीचे किंवा बेदाण्याचे सौदे चालू असताना अडत्याला फोन करू नये. कारखान्यात महिन्याचे शेवटचे चार-पाच दिवस डिस्पॅचचे, त्या वेळी प्रॉडक्शनवाल्यांना भेट मागू नये. जीएसटीचं काम करणाऱ्यांना दर महिन्याच्या ११ आणि २० तारखेच्या आधीचे दिवस टाळावेत, कारण बहुतेक विवरणपत्रांची मुदत तेव्हा असते. मार्चअखेरीचं तर सांगायलाच नको. साखर कारखान्यातल्या शेती अधिकाऱ्याला गळीत हंगामात सवड नसते. द्राक्षबागायतदार ऑक्टोबरच्या छाटणीपासून फवारण्यांच्या मागे असतो. मिरजेतल्या डॉक्टरांना ओपीडीच्या वेळेत मेसेज केला तरी चालतो, फोन नको. समोरच्याच्या कामाचं वेळापत्रक तुम्हाला माहीत आहे, एवढ्यानेच तुमच्याबद्दलचं निम्मं मत चांगलं होतं.

मागायचं कसं

काही जण वर्षानुवर्षं नुसतं देत राहतात आणि गरज पडल्यावरही तोंड उघडत नाहीत. हाही स्वभावाचा अतिरेक. फ्रान्सिस फ्लिन आणि व्हेनेसा लेक या संशोधकांनी २००८ साली एका प्रयोगात लोकांना अनोळखी माणसांकडून पाच प्रश्नावल्या भरून आणायला सांगितल्या. त्यासाठी सरासरी वीसेक जणांना विचारावं लागेल असा लोकांचा अंदाज होता, प्रत्यक्षात दहाएक जणांतच काम झालं. लोक आपल्याला वाटतं त्यापेक्षा लवकर हो म्हणतात.

फक्त मागणी लहान, नेमकी आणि नाही म्हणता येईल अशी असावी. ‘कुठंतरी चिकटवा की साहेब’ ही मागणी समोरच्याला अवघडून टाकते, कारण त्याने नेमकं काय करायचं हे त्याला कळत नाही, आणि नाही म्हणावं तर वाईटपणा. त्याऐवजी, ‘तुमच्याकडे इन्स्पेक्शनला घेताना कुठलं प्रशिक्षण झालेलं बघतात? पंधरा मिनिटं फोनवर सांगाल का? या आठवड्यात जमत नसेल तर पुढच्या.’ यातून माहिती मिळते, आणि योग्य जागा असेल तर ते स्वतःच सांगतात.

मदत मिळाली की निकाल कळवायचा, हे तर फारच थोडे करतात. ‘तुम्ही सांगितलेला कोर्स केला, मुलाखतीत त्यावरच प्रश्न आला’ असा दोन ओळींचा मेसेज ज्याला जातो, तो पुढच्या वेळी तुमच्यासाठी स्वतः फोन उचलतो. काम झालं नसेल तरी कळवा. सांगली, मिरज, कुपवाड मिळून एकच महापालिका, माणसं फिरून फिरून तीच भेटतात, आणि कुणी उपकार ठेवले व कुणी विसरले हे इथे पक्कं लक्षात राहतं. त्याच कारणाने जुन्या मालकाबद्दल किंवा स्पर्धकाबद्दल नव्या ओळखीत वाकडं बोलू नये. ऐकणारा बहुधा त्यांचा पाहुणा निघतो.

वही आणि जुन्या ओळखी

एक वही किंवा फोनमधली एक फाइल ठेवा. माणूस, कुठे भेटला, सध्या कशात गुंतलाय, मी काय कबूल केलंय, पुढे कधी बोलायचं, असे पाच रकाने. तीस-चाळीस नावांच्या वर जाऊ नका, निभावणार नाही. आठवड्यातून एकदा वीस मिनिटं बसा आणि दोघांशीच संपर्क करा. या हिशेबाने चार-पाच महिन्यांत सगळी यादी एकदा फिरून होते. ‘मी काय कबूल केलंय’ हा रकाना सगळ्यात आधी वाचा.

यादी करताना जुनी नावं घ्यायला विसरू नका. वालचंद किंवा विलिंग्डन कॉलेजातले वर्गमित्र, पहिल्या नोकरीतले सहकारी, पुण्याला गेलेला शेजारी. वर्षानुवर्षं बोलणं नसलं तरी विश्वास आधीच असतो, आणि मधल्या काळात ते वेगळ्या जगात फिरलेले असतात, म्हणजे जवळच्या आणि लांबच्या दोन्ही ओळखींचं बळ एकाच ठिकाणी मिळतं. संकोच एवढाच असतो की इतक्या वर्षांनी काय म्हणून लिहायचं. लपवाछपवी न करता तेच लिहा: ‘बऱ्याच वर्षांनी लिहितोय, मधे संपर्क राहिला नाही. तू आता वॉटर ट्रीटमेंटमध्ये आहेस असं कळलं. आमच्याकडे तेच काम सुरू होतंय आणि मला त्यातलं फार कळत नाही. वीस मिनिटं बोलता येईल का? सांगलीला आलास तर घरी ये, आईही आठवण काढते.’ आई खरंच आठवण काढत असेल तरच ती शेवटची ओळ लिहा.